‘रॉजर’ला मराठीत काय म्हणावं?

एका अनुवादक वाचकाचा प्रश्न आहे. वैमानिकाच्या तोंडी येणाऱ्या ‘रॉजर’साठी त्यांनी ‘हो साहेब’ असं लिहिलं, ते बरोबर आहे का? शिवाय, वैमानिक ‘टेकऑफ’ हा शब्द उच्चारायचं टाळतात हे त्यांच्या कानावर आलं आहे, ते खरं का?

आधी ‘रॉजर’. मोर्स कोडच्या काळात निरोप पोचला हे कळवायला ‘आर’ हे अक्षर पाठवत, ‘रिसिव्ह्ड’मधलं. बोलून अक्षरं सांगायच्या जुन्या इंग्रजी पद्धतीत ‘आर’ म्हणजे ‘रॉजर’. 1956 साली त्या जागी ‘रोमिओ’ आला, पण पोचपावतीचा ‘रॉजर’ तसाच टिकला. त्याचा अर्थ एवढाच: तुमचं शेवटचं बोलणं मला पूर्ण ऐकू आलं. ते पटलं, मान्य आहे किंवा तसं करतो, यातलं काहीही त्यात नाही. ‘तसं करतो’साठी ‘विल्को’ आहे. ‘होय’साठी ‘अफर्म’ आहे. पूर्वी ‘अफर्मेटिव्ह’ म्हणत, पण त्याचं शेपूट ‘नेगेटिव्ह’सारखंच, आणि खरखरीत सुरुवात हरवली की होय-नाहीत फरक उरत नाही.

आपल्याकडे या फरकासाठी नेमके शब्द आहेत. गोष्ट ऐकणारा ‘हं, हं’ करतो तो हुंकार. मागणीला मान्यता देतो तो होकार. ‘रॉजर’ हा हुंकार आहे. अडचण ‘हो’ या शब्दाची आहे, कारण बोलताना आपण तो दोन्हीकडे वापरतो. फोनवर समोरचा बोलत असताना आपण ‘हो, हो’ म्हणत राहतो, तेव्हा काही कबूल केलेलं नसतं. म्हणून ‘हो साहेब’ चुकतं. शिवाय त्यातला ‘साहेब’ हुकूम पाळल्याचा भास देतो.

आता ‘टेकऑफ’. 27 मार्च 1977 रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरिफेच्या लॉस रोदेओस विमानतळावर केएलएम या डच आणि पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीची दोन 747 विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. त्या शेवटच्या मिनिटातलं संभाषण कुठल्याही भाषाप्रेमीनं शब्द शब्द तपासावं असं आहे. दाट धुकं होतं. टॉवरला, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रकाला, एकही विमान दिसत नव्हतं, विमानांनाही एकमेकं दिसत नव्हती. केएलएमला टॉवरनं उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. ती धावण्याची परवानगी नव्हती, पण त्या वाक्यात ‘टेकऑफनंतर उजवीकडे वळा’ असं होतं, म्हणजे शब्द कानावर पडलाच. केएलएमच्या सहवैमानिकानं सूचना परत म्हणून दाखवली आणि शेवटी जोडलं, ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ’. तोवर कॅप्टननं विमान पळवायला सुरुवात केली होती.

हे ‘अ‍ॅट’ फार महागात पडलं. ऐकणारा त्याचा अर्थ ‘आम्ही टेकऑफच्या जागी आहोत’ असा घेणार, आणि बोलणाऱ्याला म्हणायचं होतं ‘आम्ही टेकऑफ घेत आहोत’. चालू क्रिया सांगायला डच भाषेत ‘त्या क्रियेवर असणं’ अशी रचना आहे, तीच इंग्रजीत उतरली असावी असं काही भाषाअभ्यासकांचं मत आहे आणि मला ते पटतं. मराठीतही ‘टेकऑफला आहोत’ आणि ‘टेकऑफ घेत आहोत’ यांत अंतर किती? एका प्रत्ययाचं.

त्यावर टॉवरचं उत्तर: ‘ओके’, क्षणभर थांबून ‘टेकऑफसाठी थांबा, मी कळवतो’. पण त्याच क्षणी पॅन अ‍ॅमनंही ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असं सांगायला बटण दाबलं. दोन आवाज एकमेकांवर चढले, आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर कर्कश शिट्टी तेवढी आली. म्हणजे हुंकार पोचला आणि मनाई हरवली. पुढच्या संभाषणावरून फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्यानं ‘तो अजून बाजूला झाला नाही का?’ असं विचारलंही. कॅप्टननं ठामपणे ‘झाला की’ म्हणून ती उडवून लावली.

त्यानंतर शिस्त बदलली. धावायची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच ‘टेकऑफ’ म्हणायचं, एरवी सगळीकडे ‘डिपार्चर’. तेव्हा तुम्ही ऐकलंत ते खरं आहे.

‘ओके’ची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. फेब्रुवारी 1989 मध्ये क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगरच्या मालवाहू 747 ला 2,400 फुटांपर्यंत उतरायला सांगितलं: ‘टू फोर झिरो झिरो’. वैमानिकानं पहिलं ‘टू’ हा ‘पर्यंत’ अर्थाचा शब्द धरला आणि उत्तर दिलं, ‘ओके, फोर झिरो झिरो’. चारशे फूट! चूक उत्तरातच उघडी होती, ती कुणी पकडली नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि चौघेही गेले. सूचना परत म्हणायला लावतात ती यासाठी, आणि सांगणाऱ्यानं ती लक्ष देऊन ऐकायची असते. परत म्हणणं हा अर्धाच भाग आहे.

आपल्या देशातली 12 नोव्हेंबर 1996 ची, हरियाणातल्या चरखी दादरीजवळची दोन विमानांची हवेतली टक्कर आठवते. 349 बळी. तिथे कझाक विमानात रेडिओवर बोलणारा वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे होते. 15,000 फुटांवर राहायची सूचना मिळूनही विमान त्याखाली उतरलं, आणि चौकशीत त्या चमूचं कच्चं इंग्रजी हा ठळक मुद्दा ठरला. रेडिओवर ‘कळलं’ म्हणणाऱ्याच्या हातात विमान नसेल तर तो शब्द कुणाच्या वतीनं उच्चारला, हा प्रश्न मला आजही छळतो.

तर तुमच्या अनुवादात ‘रॉजर’ आहे तसाच ठेवावा, मराठी वाचक तो ओळखतो. मराठीच हवा असेल तर ‘ऐकलं’ लिहा. ‘विल्को’ला ‘तसं करतो’, ‘अफर्म’ला ‘होय’, ‘स्टँड बाय’ला ‘थांबा, मी सांगतो’. तुम्ही पाठवलेल्या वाक्यात टॉवर उड्डाणाची परवानगी देतो, वैमानिक नुसतं ‘रॉजर’ म्हणतो आणि विमान धावू लागतं. प्रत्यक्षात त्याला धावपट्टीचा क्रमांक आणि आपल्या विमानाची खूण यांसह परवानगी परत म्हणावी लागते. मूळ लेखकानंच तसं लिहिलं असेल तर ते बदलायचा अधिकार तुम्हाला नाही, पण निदान त्या ‘रॉजर’चा ‘हो’ करू नका.