आप्पांना मुलाचं ऐकू येतं, सुनेचं का नाही?

"मुलानं हाक मारली की आप्पा लगेच ओ देतात. मी तीनदा सांगितलं तरी लक्ष नाही. मोठ्यानं बोलले तर 'ओरडतेस कशाला?' म्हणून माझ्यावरच चिडतात." इचलकरंजीच्या एका सूनबाईंची ही तक्रार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सासरे सत्तरीचे, उमेदीची सगळी वर्षं यंत्रमागावर गेलेली. घरात अबोला धरण्यापर्यंत वेळ आली होती.

अशा वेळी आधी कान तपासायचे, नात्याचं नंतर बोलायचं. कान-नाक-घसा तज्ज्ञांना मळ आढळला नाही, पडदाही शाबूत होता. ऑडिओमेट्रीत, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो या तपासणीत, मात्र खालच्या पट्टीत, २५० आणि ५०० हर्ट्झला, जवळपास निरोगी असलेला आलेख २००० नंतर घसरत वरच्या पट्टीत, ४००० ला, ६५ डेसिबलवर गेला होता. सूनबाईंना समजावताना तोच आलेख समोर ठेवला.

आवाज सुमारे अडीच सेंटिमीटरच्या नलिकेतून पडद्यावर येतो. पडद्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं ते कंपन आतल्या कानाच्या अंडाकृती खिडकीवर पोचवतात. पडदा या खिडकीच्या सुमारे १७ पट मोठा असल्यानं दाब वाढतो, नाहीतर हवेतला बहुतेक आवाज आतल्या द्रवावरून परतच फिरला असता. पुढे गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची कॉक्लिया. तिच्यात केसपेशी, म्हणजे बारीक केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, असतात. खिडकीजवळच्या केसपेशी वरच्या पट्टीचे आवाज टिपतात, टोकाकडच्या खालच्या पट्टीचे. वयानुसार खिडकीजवळच्या पेशी आधी झिजतात आणि मागांच्या खडखडाटाचा घाव ४००० हर्ट्झच्या आसपास बसतो. माणसात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत.

बोलण्यात स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, तर व्यंजनं ओळखू येतात ती बरीचशी वरच्या पट्टीमुळे. म्हणून 'सात', 'साठ', 'साफ' यांतला 'आ' आप्पांना नीट ऐकू येतो, शेवटचं अक्षर निसटतं. मुलाचा आवाज खर्जातला, तो पोचतो. सुनेचा आणि नातवंडांचा पातळ, तो अर्धाच पोचतो. यात मुद्दाम काहीच नाही! ओरडण्याचा त्रासही खरा आहे. बाहेरच्या रांगांतल्या केसपेशी हळू आवाज वाढवून देतात. त्या गेल्या की हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम टोचतो.

सूनबाईंना सांगितलं: टीव्ही, मिक्सर बंद करून, तीनेक फुटांवर, उजेडात तोंड दिसेल असं समोरून बोला. आवाज न चढवता सावकाश बोला. नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला.

श्रवणयंत्र दोन्ही कानांना, आलेखानुसार जुळवलेलं हवं. सुरुवातीला शांत घरात रोज दोन-तीन तास, मग हळूहळू वाढवायचं. भांड्यांचा आवाज बोचतो, स्वतःचा आवाज घुमतो म्हणून बरेचजण आठवड्यात यंत्र कपाटात टाकतात. हे दोन्ही त्रास ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) यंत्र पुन्हा जुळवून घेतल्यावर बरेच कमी होतात. यंत्राची शिट्टी वाजली तर त्याचा कानात बसणारा साचा सैल आहे का, कानात मळ साचलाय का, ते आधी बघा. पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

कानात गरम तेल घालू नका, काडीही नको. आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जा. अशा वेळी उपचाराला उशीर झाला तर ऐकू येणं परत मिळण्याची शक्यता कमी होते.