पहिल्याच हंगामात आठ पराभव : दोष प्रशिक्षकाचा की संघाचा?

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत एका विद्यापीठात शिकते. तेथील अमेरिकन फुटबॉलच्या (आपल्याकडच्या फुटबॉलहून वेगळा, हातात चेंडू घेऊन खेळायचा खेळ) संघाने नवीन मुख्य प्रशिक्षकाच्या पहिल्याच हंगामात बारापैकी आठ सामने गमावल्यामुळे त्याला काढून टाका, असा विद्यार्थ्यांचा सूर आहे. एका वर्षात असा निवाडा करणे योग्य आहे का? आणि लोक इतके नाराज असतील, तर विद्यापीठ त्याला का ठेवते?

उत्तर : केवळ पराभवांच्या आकड्यावरून निवाडा करू नये, असे माझे मत आहे, मात्र ‘पहिलेच वर्ष आहे, सोडून द्या’ ही पूर्वापार चालत आलेली सबबही आता तितकीशी टिकत नाही.

ही सबब एके काळी रास्त होती. नवा प्रशिक्षक येई तेव्हा आधीच्या प्रशिक्षकाने निवडलेली मुले त्याच्या पदरात पडत, आणि विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला साधारणपणे एक वर्ष मैदानाबाहेर बसावे लागत असल्याने संघ नव्याने उभारायला तीन-चार वर्षे लागत. बेअर ब्रायंट यांनी 1954 मध्ये टेक्सस ए अँड एमचा संघ हाती घेतला, तेव्हा दहापैकी नऊ सामने गमावले. 1956 मध्ये त्याच विद्यापीठाचा संघ एका बरोबरीखेरीज सर्व सामने जिंकून अपराजित राहिला. प्रशिक्षक निक सेबन यांचे अलाबामा विद्यापीठातील पहिले वर्ष, 2007, तर चाहत्यांना आजही आठवायला आवडत नाही, कारण त्या वर्षी लुइझियाना-मन्रो या तुलनेने दुबळ्या संघाने त्यांना त्यांच्याच मैदानावर 21-14 असे हरवले होते. दोनच वर्षांनी अलाबामा राष्ट्रीय विजेता ठरला.

2021 पासून मात्र खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येऊ लागले, त्याच वर्षी स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवण्याची मुभाही मिळाली, आणि नवा प्रशिक्षक एका उन्हाळ्यात जवळजवळ संपूर्ण संघ बदलू शकेल अशी स्थिती आली. कोलोरॅडो विद्यापीठात प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांनी 2023 मध्ये नेमके हेच केले. आदल्या वर्षी बारापैकी एकच सामना जिंकलेल्या संघात त्यांनी 80 हून अधिक नवे खेळाडू आणले, पहिले तीन सामने जिंकले, आणि हंगामाअखेर हिशेब झाला चार विजय, आठ पराभव. स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतराला 29-0 अशी आघाडी असताना तो सामना त्यांनी 46-43 असा गमावला. असे का झाले? चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड खेळाडूंची फळी उभी असते. प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूने घुसेल, आपण कोणाला अडवायचे आणि कोणाला शेजाऱ्यावर सोडायचे, हे त्या पाच जणांना एकमेकांच्या नुसत्या हालचालीवरून कळावे लागते. खेळाडू एका उन्हाळ्यात गोळा करता येतात, ही आपसातली समज मात्र येत नाही. (आपण सगळे चेंडूकडे पाहत असतो, त्यामुळे ही फळी कोणाच्या लक्षातच येत नाही.) त्या वर्षी कोलोरॅडोच्या क्वार्टरबॅकला पन्नासहून अधिक वेळा चेंडू हातातून सुटण्याआधीच लोळवले गेले. पुढच्या हंगामात संघाने नऊ सामने जिंकले. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा सुपर बोल (हंगामाचा विजेता ठरवणारे अंतिम सामने) जिंकलेले बिल बेलिचिक यांनाही 2025 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात आठ पराभव पाहावे लागले; त्यांचा पहिलाच सामना टीसीयूने (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाने) 48-14 असा जिंकला.

म्हणून भाचीला सांगा, किती सामने हरलो यापेक्षा कसे हरलो ते पाहा. नेब्रास्काचे उदाहरण घ्या. 1997 मध्ये क्वार्टरबॅक म्हणून त्या संघाला अजिंक्य ठेवणारे स्कॉट फ्रॉस्ट 2018 मध्ये प्रशिक्षक होऊन परतले, तेव्हा घरचाच मुलगा परत आला म्हणून सारे राज्य हरखून गेले होते. पहिल्या वर्षी चार विजय आणि आठ पराभव झाले, तरी कोणी फारसे रागावले नाही. पण 2021 मध्ये बारापैकी नऊ सामने गेले, आणि त्यांतला एकही नऊपेक्षा जास्त गुणांनी नव्हे. थोडक्यात हुकणे एकदा-दोनदा दुर्दैव मानता येईल. नऊ वेळा घडले तर ऐन मोक्याच्या क्षणी निर्णय कोण घेतो, हे विचारावे लागते. 2022 चा पहिला सामना डब्लिनला होता. नॉर्थवेस्टर्नवर 28-17 अशी आघाडी असताना फ्रॉस्ट यांनी चेंडू दूर मारण्याऐवजी जवळच टाकून तो पुन्हा आपल्याच ताब्यात घेण्याचा जुगार खेळला. चेंडू प्रतिस्पर्ध्याला आयताच मिळाला, आणि सामना 31-28 असा हातचा गेला.

आता दुसरा प्रश्न. प्रशिक्षकाला ठेवतात ते बहुधा मायेपोटी नव्हे, कराराच्या रकमेपोटी. मुदतीआधी काढल्यास ठरलेली भरपाई द्यावी लागते. 2023 मध्ये टेक्सस ए अँड एमने जिंबो फिशर यांना काढले, तेव्हा ती सुमारे साडेसात कोटी डॉलर होती. पण अपेक्षाभंग पुरता झाला की हा हिशेबही मागे पडतो. फ्रॉस्ट यांची भरपाई 1 ऑक्टोबर 2022 रोजी दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार होती. 10 सप्टेंबरला संघ जॉर्जिया सदर्नकडून हरला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना काढण्यात आले. ते तीन आठवडेही विद्यापीठाला थांबवले नाही.