वरची केळी सुकते, खालची पिवळी पडते

प्रश्न : चोपडा तालुक्यात ७ एकर केळी आहे. वरच्या बाजूला मुरूम, खाली काळी, पाणी सगळीकडे सारखंच सोडतो. पुतण्या म्हणतो सॅटेलाइटवरून फुकट उंचीचा डेटा मिळतो, त्यावरून मातीचा नकाशा काढू. खरंच निघतो का?

उत्तर : राम राम भाऊ, निघतो, पण अर्धाच. इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोसॅट उपग्रहाचा उंचीचा डेटा आहे, नासानं २००० साली अंतराळ शटलमधून रडारनं मोजलेलाही मिळतो, दोन्हीत एका चौकोनाला एकच उंची असते नि एक चौकोन साधारण ३० मीटरचा, म्हणजे तुमच्या ७ एकरात जेमतेम ३१-३२ चौकोन बसतील आणि उंचीत काही मीटरची चूक असतेच, मग हातभर उताराचं काय दिसणार? सातपुड्यापासून तापीपर्यंतचं अख्खं शिवार बघायला मात्र हा डेटा झकास, उतारावर माती वाहून जाते म्हणून थर पातळ नि खाली गाळ साचून काळी खोल, याचा अंदाज क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उताराचा नकाशा काढला की लगेच येतो, आणि ते सॉफ्टवेअर फुकट आहे.

वावरापुरतं जमिनीचा चढउतार मोजायचं लेव्हल मशीन लावा किंवा ड्रोन, पण ड्रोन केळी काढल्यावरच उडवा, नाहीतर पानांची उंची मोजून याल! मग वर, मधे, खाली खड्डे खणून मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा, नमुने वेगवेगळे तपासा, एकत्र कालवू नका. उंची माती दाखवत नाही हो, कुठं खणायचं तेवढं सांगते. मुरमात पाणी टिकत नाही नि काळीत साचतं, म्हणून ठिबकचे व्हॉल्व्ह मात्र आत्ताच वेगळे करा, वरच्याला थोडं थोडं पण वारंवार, खालच्याला अंतर ठेवून.