दाताच्या डॉक्टरांची भीती वाटते? आधी एवढं करा

भीती वाटते हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. मी वर्षानुवर्षे लपवलं, खुर्चीचे हात घट्ट धरून बसत राहिलो. काहीच गरज नव्हती.

सुरुवात लाफिंग गॅसने (भीती घालवायला हुंगायला देतात तो वायू) करा, असं माझं मत. नाकावर छोटा मास्क लावतात, काही मिनिटांत खांदे सैल पडतात, तुम्ही जागेच असता. शेवटी ऑक्सिजन दिला की अंमल लवकर उतरतो. त्याऐवजी गुंगीची गोळी किंवा शिरेतून गुंगीचं औषध घेणार असाल तर सोबत कुणीतरी हवंच, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- घरातली झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊन येतात. अजिबात नको!
- चालू औषधं, घोरणं सांगत नाहीत.
- गॅस घेतला म्हणजे भुलीचं इंजेक्शन टळलं असं समजतात. ते बहुधा लागतंच, फक्त त्याची धास्ती खूप कमी होते.