‘ह्यांच्या नाही राहिल्या’

(पत्र थोडक्यात: घणसोलीची वाचक, वय 37. नवरा-बायको दोघंही एचआयव्ही पॉझिटिव्ह, दुसऱ्या गरोदरपणात कळलं. मुलगी 13 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा, दोघंही निगेटिव्ह. मुलगी विचारतेय, आई तू कसल्या गोळ्या घेतेस. तिला सांगू का, एवढाच प्रश्न.)

अगं, पहिल्यांदा वाचताना मी पण मुलीच्याच प्रश्नावर होते, दुसऱ्यांदा मात्र एका ओळीवर अडकले ती अडकलेच. तू लिहिलंयस, "गौरी-गणपतीत नणंद आठ दिवस राहायला होती, माझ्या पाच गोळ्या राहिल्या. ह्यांच्या नाही राहिल्या. असो."

असो? काय असो?

एकच घर, एकच आजार, एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एकाच सरकारी सेंटरवरून तूच आणलेली तीच गोळी. त्यांची रात्री नऊला तू पाण्याच्या ग्लासासकट हातात देतेस, नणंदेसमोर सुद्धा, कारण तिला सांगून ठेवलंय की दादाला बीपी आहे. पुरुषाला बीपी चालतं, बहीण उलट म्हणते दादा वेळेवर घेत जा रे. आणि तुझी बाटली आतल्या खोलीत, कपाटात साड्यांच्या खाली, वाजू नये म्हणून वरून कापूस कोंबलेला, आणि त्याच खोलीत नणंद झोपलेली. मग तू ओट्यापाशी अंथरूण टाकून उद्या बघू म्हणत पडून राहायचीस. हे त्यांना कळलंच नाही, की कळून गप्प बसले, ते तू लिहिलं नाहीस. मला वाटतंय, कळून गप्प बसले.

"देवमाणूस आहेत, कधी आवाज चढवत नाहीत" हे तू तीनदा लिहिलंयस. असतील बाई. पण टॉवेल काढायच्या निमित्ताने कपाट उघडून बायकोची बाटली बाहेर आणायला देव व्हावं लागत नाही.

2004 च्या आधी ही औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळत नव्हती, तेव्हा घरात पैसे एकाच्याच औषधापुरते असले की कोणाचं औषध यायचं ते तुला सांगायला नको. आता दोघांना फुकट मिळतात, तरी तुझ्या घरी हिशोब तोच चाललाय, आणि तो तू स्वतःच चालवतेयस, म्हणून राग येतोय मला.

तुझ्या रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आलंय, म्हणजे रक्तात व्हायरस टेस्टला सापडतही नाही इतका कमी, ते आपोआप नाही आलं. धाकटा पोटात असताना रोज गोळी, जन्मल्यावर त्याला सिरप, दीड वर्षाच्या शेवटच्या टेस्टपर्यंत त्याला कडेवर घेऊन चकरा, हे सगळं तू केलंस, एकटीने. पाच गोळ्यांनी आभाळ कोसळत नाही. पण अशी सवय लागली की व्हायरस डोकं वर काढतो, मग तीच गोळी त्याला लागू पडेनाशी होते. आणि हो, सेंटरवर उरलेल्या गोळ्या मोजतात, तेव्हा त्या पाच घरी काढून ठेवून जाऊ नकोस. पुष्कळ जणी करतात तसं, ओरडा नको म्हणून. तुझं ठरलंच असेल एव्हाना. काउन्सेलरला खरं सांग, गणपती, नणंद, कापूस, सगळं. तिच्याकडे वेळ नसला तर 1097 ला, एचआयव्हीच्या हेल्पलाइनला फोन लाव, फुकट आहे.

नणंदेला सांगायची सक्ती तुला कोणीही करू शकत नाही, 2017 चा एचआयव्हीबद्दलचा कायदाच आहे तसा. पण नवऱ्यापासून काय लपवायचं, त्याला तर माहितीच आहे की!

मुलीला सांगायचं. तेरा वर्षांची पोर आहे, ती अंदाज बांधतच असणार. पण आज नाही, आणि एकटीने तर अजिबात नाही, बाबा पण त्याच गोळ्या घेतात ना, मग सांगताना बाबांनी शेजारी बसायचं. कसं सांगायचं ते काउन्सेलरकडून दोघांनी आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी सेंटरला ते पण येतील. सुट्टी मिळत नाही म्हणे. तुला कशी मिळते गं? तुझे तर पगारातून कापतात, तूच लिहिलंयस.

पण हे सगळं नंतर. आज रात्री एकच कर, ती बाटली त्यांच्या हातात दे आणि सांग, आजपासून माझी गोळी तुम्ही द्यायची. घरात पाहुणे असोत नसोत, नऊ वाजता. पाणी पण त्यांनीच आणायचं.