वाचकांचे प्रश्न : कृष्णनाथचा ‘तुन्ना’ कसा झाला?

प्रश्न : नातवाचे नाव त्याच्या आजोबांवरून कृष्णनाथ ठेवले, पण तीन वर्षांची बहीण त्याला ‘तुन्ना’ म्हणते आणि आता सारे घर तेच म्हणू लागले आहे. अशी लाडकी नावे पडतात कशी? हे नाव त्याला कायमचे चिकटेल, अशी सुनेला काळजी वाटते.
— एक आजी, फोंडा

उत्तर : आपल्या नातीच्या जिभेला जेवढे पेलले, तेवढे तिने उच्चारले आहे. लहान मुलांना ‘क’ बहुधा उशिरा साधतो आणि त्याच्या जागी ‘त’ येतो, ‘र’ गळतो, ‘ष्ण’चा ‘न्न’ होतो आणि ‘नाथ’पर्यंत तर त्यांची मजल जातच नाही. तरीही असे बोबडे बोल बहुतेक विरून जातात. मोठ्यांनी उचलले, तरच त्यांचे नाव होते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी, आणि सासऱ्यांचे नाव सुनेने घेऊ नये हा संकेतही तितकाच जुना. त्यामुळे अशा घराला दुसरी एखादी हाक हवीच असते. ‘कृष्णनाथ, वरण सांडू नकोस’ असे सूनबाई आपल्यादेखत किती वेळा म्हणतात, हे जरूर पाहावे.

पूर्वी आधीची मुले दगावली असतील, तर पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, भिकू अशी मुद्दाम उणी नावे ठेवीत. काही नावे नात्यातून येतात : धाकटी भावंडे थोरल्याला भाऊ म्हणतात, मग आईवडीलही म्हणतात आणि पुढे त्याची स्वतःची मुलेसुद्धा. अशी हाक घराबाहेरही रुळते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर लोकांचे ‘भाऊ’ झाले आणि १९७३ मध्ये त्यांच्यानंतर त्या पदावर आलेल्या त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर ‘ताई’.

जन्मनोंदणीत आणि शाळेत कृष्णनाथच राहू द्यावे, कारण टोपणनाव एकदा कागदावर चढले की ते बदलण्यासाठी १९९०च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली रीतसर अर्ज करावा लागतो. घरात मात्र ‘तुन्ना’ खुशाल चालू द्यावे. त्याऐवजी एखादे शोभिवंत नाव ठरवून लादले, तर ते फार तर पाहुण्यांसमोर टिकते. पुढे त्यालाच संकोच वाटू लागला, तर मित्रांदेखत तेवढी हाक टाळावी.