कपाटात राहिलेला कागद

प्रश्न : मी नाशिकजवळ हरितगृहं उभारणाऱ्या एका कंपनीत काम करतो. २०१९ मध्ये जर्मनीला मास्टर्ससाठी गेलो होतो. एका विषयात तिसऱ्यांदा नापास झालो आणि तिथल्या नियमाप्रमाणे विद्यापीठातून माझं नाव कमी झालं. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत देश सोडायला सांगितलं आणि एक कागद दिला, ‘जाताना द्यायचा’ म्हणून. मी २६ सप्टेंबरलाच निघालो, बर्लिनहून पॅरिस आणि पॅरिसहून मुंबई. तो कागद वाटेत कुणी मागितला नाही. आता कंपनी मला नेदरलँड्समधल्या वेस्टलँड भागातली हरितगृहं बघायला पाठवत होती. व्हिसा नाकारला गेला. पत्रात लिहिलंय की शेंगेन माहिती प्रणालीत माझ्या नावावर प्रवेश नाकारण्याची नोंद आहे आणि ती जर्मनीने केली आहे. बाकी काही नाही. वडील विचारतात, ‘तिकडे नेमकं काय करून आलास?’ एजंट म्हणतो, नावाचं स्पेलिंग बदलून नवा पासपोर्ट काढा, सगळं मिटेल. मी अतिरेक्यांच्या यादीत आहे का? काय करू? – एक वाचक, नाशिक (पत्र संक्षिप्त करून)

उत्तर : आधी वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जड वाक्य तेच आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी तुम्ही कुठलाही गुन्हा केलेला नाही. परीक्षेत नापास होणं हा गुन्हा नाही, आणि दिलेल्या मुदतीच्या चार दिवस आधी तुम्ही देश सोडलात. शेंगेन म्हणजे आपसांत सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा गट; त्यांच्या सामाईक नोंदवहीत, शेंगेन माहिती प्रणालीत म्हणजे एसआयएसमध्ये, गंभीर गुन्ह्यांतल्या माणसांच्या नोंदी असतात हे खरं. पण ज्यांच्यावर निव्वळ प्रशासकीय प्रवेशबंदी आहे अशांच्याही असतात, आणि मुंबईत व्हिसाचा अर्ज तपासणाऱ्याला ती नोंद दिसली की नकार ठरलेला. पत्रावर खूण करायचा रकाना दोघांनाही एकच. तुमच्या घरात जी भीती शिरली आहे ती त्या रकान्यामुळे. ती आधी बाहेर काढा.

आता त्या कागदाकडे येऊ. तो अजून तुमच्या कपाटात आहे असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. माझ्या मते गोम तिथेच आहे. जर्मनमध्ये त्याला ‘ग्रेन्झयुबरट्रिट्सबेशायनिगुंग’ म्हणतात. आपण सीमा ओलांडल्याचा दाखला म्हणू. देश सोडताना तो सीमेवरच्या पोलिसाच्या हातात द्यायचा, त्याने शिक्का मारून तो कार्यालयाकडे पाठवायचा, म्हणजे तिथल्या फाइलवर ‘हा माणूस गेला’ अशी नोंद पडते. पण बर्लिन ते पॅरिस हा शेंगेनच्या आतला प्रवास. आपल्याकडे नागपूरहून मुंबईला यावं तसा. त्या विमानाला चढताना सीमेवरचा पोलीस भेटतच नाही. पासपोर्टवर शिक्का पॅरिसला बसला, तोही फ्रेंच पोलिसाच्या हातून, आणि जर्मन कार्यालयाचा कागद त्याने मागण्याचं कारण नव्हतं. तुम्ही मुंबईत उतरलात, घरी आलात, आणि जर्मनीतल्या त्या फाइलवर तुम्ही अजून तिथेच कुठेतरी लपून राहिला होतात.

पुढे काय झालं असावं याचा मी अंदाज बांधते आहे. खात्री कागद हातात आल्यावरच होईल. जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम ११ मध्ये, मुदतीत देश न सोडणाऱ्यावर प्रवेशबंदी घालण्याची तरतूद आहे. तसा हुकूम निघाला असेल आणि तुमच्या जुन्या खोलीच्या पत्त्यावर गेला असेल. तिथे तेव्हा दुसराच कुणी राहत होता. अशी पहिलीच बंदी असेल तर ती साधारणपणे एका वर्षाहून जास्त नसावी असं तोच कायदा म्हणतो. मग २०२२ मधली बंदी आजपर्यंत कशी टिकली? कारण बंदीचे दिवस माणूस बाहेर पडल्या दिवसापासून मोजायचे असतात, आणि त्यांच्या दप्तरी तुम्ही बाहेर पडलेलाच नाहीत. घड्याळाला चावीच दिली गेलेली नाही.

हे घड्याळ केव्हा सुरू होतं यावर युरोपीय संघाच्या न्यायालयाने २६ जुलै २०१७ रोजी निकाल दिला आहे. खटला नेदरलँड्समधूनच आला होता, क्रमांक सी-२२५/१६. न्यायालयाने म्हटलं की प्रवेशबंदीचा काळ माणूस सदस्य देशांच्या प्रदेशातून प्रत्यक्ष बाहेर गेला त्या तारखेपासून मोजायचा. नोंद कुठल्या खात्याने केव्हा केली हा त्यातला मुद्दा नाही. तुमच्यासाठी ती तारीख पॅरिसच्या शिक्क्यावर आहे. तो शिक्का असलेला जुना पासपोर्ट आता सोन्यासारखा जपा.

एजंटाचं ऐकू नका. हे मी कळकळीने सांगते आहे, कारण या एका पावलाने तुमची आजची निर्दोष बाजू कायमची बिघडेल. या अर्जासाठी व्हिसा केंद्रात तुमच्या दहाही बोटांचे ठसे आणि फोटो घेतले. व्हिसा नाकारला गेला तरी ते युरोपच्या व्हिसा माहिती प्रणालीत पाच वर्षं राहतात. नाव बदललं म्हणून बोटं बदलत नाहीत. पुढच्या अर्जाला जुन्या ठशांशी जुळणी झाली, की आज तुमच्या नावावर नसलेली फसवणूक उद्या खरोखरच नोंदली जाईल. शिवाय पासपोर्टसाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एजंट त्यात आत जाणार नाही, अर्जावर सही तुमची असेल.

एक शंका मी मुद्दाम तपासून पाहिली. तुमचं आडनाव पाटील आणि पासपोर्टवर जन्मतारीख १ जून. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली माणसं गावोगाव आहेत, आणि तेच नाव, तेच आडनाव, तीच तारीख असलेला दुसरा माणूस निघणं अजिबात अवघड नाही. यंत्राने तुमच्यावर दुसऱ्याचीच नोंद चिकटवली असं होऊ शकतं. पण तुम्ही जर्मनीत होतात आणि नोंदही जर्मनीचीच आहे, म्हणून इथे मला ती शक्यता कमी वाटते. तरीही पुढच्या अर्जात ‘ही नोंद माझीच आहे का, हे ठशांवरून पडताळावं’ असं एक वाक्य घाला.

आता काय करायचं ते सांगते. तुमच्या नकाराच्या पत्राला तीन आठवडे होत आलेत. नेदरलँड्सच्या नकारावर हरकत घ्यायला चार आठवडे असतात. ती मुदत हातची जाऊ देऊ नका. हरकतीचा अर्ज दोन परिच्छेदांचा असला तरी चालेल : निर्णय क्रमांक, तारीख, तुमची सही, नकाराची प्रत, ‘मला हा निर्णय मान्य नाही’, आणि ‘सविस्तर कारणं व जर्मनीहून मिळणारी कागदपत्रं सादर करायला वेळ मिळावा’. त्यात २४ नोव्हेंबर २०२० चा निकाल नमूद करा, जोडखटले सी-२२५/१९ आणि सी-२२६/१९. त्यातली एक अर्जदार सौदी अरेबियात राहणारी सीरियन बाई होती. तिला नेदरलँड्समध्ये मुलांना भेटायला जायचं होतं आणि जर्मनीच्या हरकतीवरून व्हिसा नाकारला गेला. न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्या देशाच्या हरकतीवरून व्हिसा नाकारताना तो देश कोणता, त्याचं कारण काय आणि दाद मागायला कुठे जायचं, हे अर्जदाराला कळलंच पाहिजे. तिचं प्रकरण एसआयएसच्या नोंदीचं नव्हतं, तुमचं आहे. पण तत्त्व तुमच्याही कामाचं आहे. तुमच्या पत्रात देशाचं नाव आहे, कारण आणि कार्यालय नाही.

मात्र त्याच निकालात हेही आहे की दुसऱ्या देशाची हरकत मुळात बरोबर की चूक, हे त्या दुसऱ्या देशातच लढायचं. म्हणजे नेदरलँड्सच्या दारात कितीही डोकं आपटलं तरी नोंद तिथून पुसली जाणार नाही. तुमची हरकत फक्त दार उघडं ठेवण्यासाठी.

खरं काम जर्मनीत आहे आणि त्याची सुरुवात एका पत्राने होते. वीसबाडेनला बुंडेसक्रिमिनालाम्ट, म्हणजे तिथल्या केंद्रीय गुन्हे पोलिसांचं मुख्यालय आहे. एसआयएसमधली आपली माहिती मागायचा अर्ज तिथे करायचा. नावाने दचकू नका, फक्त ही नोंदवही त्यांच्याकडे आहे. अर्जाला फी नाही. जुन्या आणि नव्या पासपोर्टची प्रत, सही, पत्ता, आणि चार प्रश्न : माझ्या नावावर नोंद आहे का, कुठल्या कार्यालयाच्या कुठल्या हुकुमावरून, कधी केली, आणि ती कधीपर्यंत आहे. उत्तर एका महिन्यात यायला हवं. फार तर आणखी दोन महिने वाढवता येतात. सुरक्षेचं कारण देऊन काही भाग रोखला जाऊ शकतो, पण तुमच्यासारख्या प्रकरणात तसं व्हायचं कारण मला दिसत नाही.

मी नाशिकचा माणूस, मला त्यांनी का उत्तर द्यावं, असं तुम्ही विचारलंय. कारण तो हक्क युरोपच्या नागरिकांपुरता लिहिलेलाच नाही. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेचं कलम ८ म्हणतं की प्रत्येकाला आपल्याविषयी गोळा केलेली माहिती पाहण्याचा आणि ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. ‘प्रत्येकाला’. सीमेवरच्या या नोंदवह्या तर बहुतांशी परक्या माणसांसाठीच बांधल्या आहेत. आपली मुलं व्हिसा केंद्रात काचेवर बोटं टेकवतात, फी भरतात आणि नकार आला की मान खाली घालून घरी येतात. नोंद करणाऱ्याला जाब विचारता येतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मला या विषयात सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. पाळत ठेवणारं यंत्र आपल्यापर्यंत आपोआप पोचतं, त्याच्याविरुद्धचा हक्क मात्र आपल्याला शोधत जावं लागतं.

त्याच सुमारास मुंबईच्या जर्मन वकिलातीत भेटीची वेळ घ्या. तो दाखला आणि जुना पासपोर्ट घेऊन स्वतः जा. सीमेवर द्यायचा राहिलेला दाखला परदेशातल्या जर्मन वकिलातीत हजर होऊन देता येतो. तुम्ही जर्मनीबाहेर आहात हे त्यांनी डोळ्यांनी पाहून त्यावर नोंद करायची असते. देण्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेवा. मूळ कागद दिल्याची पोच मागायला लाजू नका.

मग जर्मनीत तुम्ही राहत होतात त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाला पत्र. मागणी दोन ओळींची : मी २६ सप्टेंबर २०२२ ला, मुदतीच्या आत, देश सोडला, म्हणून कलम ११ च्या चौथ्या पोटकलमाखाली माझ्यावरची बंदी उठवावी आणि एसआयएसमधली नोंद काढावी. जुन्या हुकुमावर अपील करायची मुदत गेली की नाही या वादात आत्ता शिरू नका. बंदी उठवण्याचा अर्ज मुदतीत अडकत नाही, आणि बंदी उठली की एसआयएसमधली नोंद त्यांना काढावीच लागते. सोबत पॅरिसचा शिक्का, विमानाचं तिकीट आणि बोर्डिंग पास सापडले तर ते, आणि नाशिकच्या नोकरीची पहिली पगारपत्रकं व भविष्य निर्वाह निधीचा उतारा जोडा. ऑक्टोबर २०२२ नंतर तुम्ही भारतात पगार घेत होतात याहून साधा पुरावा कुठला? पत्र जर्मनमध्ये लिहून घ्या.

उत्तर आलंच नाही किंवा नकार आला, तर बॉनला संघराज्याच्या माहिती संरक्षण आयुक्तांकडे तक्रार करता येते. आणि एसआयएसचा २०१८ चा नियम क्रमांक १८६१, त्याचं कलम ५४, कुणालाही आपल्या नोंदीबद्दल कुठल्याही सदस्य देशाच्या न्यायालयात जायची मुभा देतं; चुकीच्या नोंदीने झालेल्या नुकसानीची भरपाईसुद्धा मागता येते. तिथवर वेळ आली तर परदेशी नागरिकांच्या कायद्यात काम करणारा जर्मनीतला वकील करा. मी महाराष्ट्रातली वकील. तिथल्या न्यायालयात मला उभं राहता येत नाही.

इंग्लंडमधल्या लेस्टरला बहिणीकडे जाण्याबद्दल विचारलंय. ब्रिटन २०२० अखेर एसआयएसमधून बाहेर पडलं, त्यामुळे ही नोंद त्यांना तिथे दिसत नाही. पण त्यांच्या अर्जात ‘कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का’ हा प्रश्न असतो. ‘हो’ लिहा आणि दोन ओळींत कारण द्या. कंपनीलाही हेच सांगा, नापास झाल्याचं धरून. लपवलेली गोष्ट पुढे कागदावर येते तेव्हा वाईट दिसते.

आणखी एक, हे तुमच्या सहकाऱ्यांनाही सांगा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर पासपोर्टवरचा शिक्का टप्प्याटप्प्याने बंद होत गेला. त्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन येण्याजाण्याची नोंद संगणकात होते. ती नोंद साधारण तीन वर्षं राहते. बाहेर पडल्याची नोंद नसेल तर पाच वर्षं. तुम्हाला आज वाचवणारा शिक्का पुढच्या माणसाच्या पासपोर्टवर नसेल. बोर्डिंग पास फेकू नका, परत आल्यावर त्याचा फोटो काढून ठेवा.

वीसबाडेनचं उत्तर आलं की मला त्याची प्रत पाठवा. त्यातला हुकूम माझ्या अंदाजाहून वेगळा निघाला तर पुढचं पत्र वेगळं लिहावं लागेल. आज मात्र आधी हरकतीचा अर्ज लिहा, वेस्टलँडचं निमंत्रण त्याला जोडा आणि मुदतीच्या आत तो तिथे पोचेल असं बघा.